इंग्रजीतले जवळ : स्थळाचे आणि काळाचे

(मालवण येथे इंग्रजीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक मित्रहो,

आज सकाळी मी येथील जेटीवर उभा होतो. समोर सिंधुदुर्ग होता. शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, "हा किल्ला कुठे आहे, हे इंग्रजीत कसे सांगशील?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता "निअर मालवण" असे उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते. पण १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या या किल्ल्याविषयी इंग्रजी दर्यावर्दी 'ऑफ मालवण' असे म्हणेल. आपल्या वर्गांत 'ऑफ' म्हणजे बंद किंवा दूर एवढेच सांगितले जाते, त्यामुळे हाच शब्द जवळपणाही दाखवतो हे मुलांना खरे वाटत नाही. किनाऱ्यापासून सुटलेला, मध्ये पाणी असलेला, तरीही त्या किनाऱ्याच्या नावानेच ज्याचा पत्ता सांगावा लागतो, अशा ठिकाणासाठी तो शब्द आहे. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग, मुरूडसमोरचा जंजिरा, वेंगुर्ल्यासमोरचे दीपगृहाचे खडक, या सर्वांना तो लागू पडतो, आणि आपण मराठीत येथे जे 'समोर' म्हणतो ते 'निअर'पेक्षा 'ऑफ'ला अधिक मिळतेजुळते आहे.

याच 'ऑफ'पासून 'ऑफिंग' हा शब्द झाला. जहाजे जेथे नांगर टाकतात त्या पाण्याच्या पलीकडचा, पण किनाऱ्यावरून नजरेच्या टप्प्यात असलेला समुद्राचा पट्टा म्हणजे ऑफिंग. शिडाच्या जहाजांच्या काळात जहाज त्या पट्ट्यात दिसले, की वारा आणि भरती यांची साथ मिळताच ते बंदरात शिरणार हे किनाऱ्यावरच्या माणसांना कळत असे. आज ज्यांनी समुद्र पाहिलेलाही नाही अशी माणसे निवडणूक किंवा पगारवाढ 'इन द ऑफिंग', म्हणजे लवकरच होऊ घातलेली, असल्याचे लिहितात. जागेचा शब्द असा काळाचा झाला. पावसाळा तोंडावर आला असे आपण म्हणतो, तेव्हा आपली भाषाही हेच करत असते.

मला आज जे मांडायचे आहे ते यातूनच निघते. जवळपणाचे इंग्रजी शब्द अंतर मोजत बसत नाहीत. दोन गोष्टींचे एकमेकींशी नाते काय आहे आणि बोलणारा कोठे उभा राहून पाहतो आहे, हे ते सांगतात. म्हणून 'निअर म्हणजे जवळ' ही जोडी पाठ करून घेतल्याने मूल त्या भाषेच्या दारापर्यंतच पोहोचते.

आता खुद्द 'निअर' हा शब्द पाहा. जुन्या इंग्रजीत जवळ या अर्थाचा मूळ शब्द आजच्या 'नाय' (nigh) या शब्दाचा पूर्वज होता. 'निअर' हे त्याचे तुलनेचे रूप, म्हणजे अधिक जवळ, आणि 'नेक्स्ट' म्हणजे सर्वांत जवळ. पुढे अधिक जवळचा अर्थ झिजून 'निअर' साधा झाला, मग त्याला पुन्हा प्रत्यय लावून 'निअरर' करावे लागले, आणि 'नेक्स्ट' स्वतंत्र संसार थाटून क्रमाचा शब्द बनला. 'नेबर' या शब्दातही तोच जुना 'नाय' आहे. जवळ राहणारा, असा त्याचा अर्थ. मराठीत 'शेजारी' हा माणूसही असतो आणि ठिकाणही असते, हे या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. 'क्लोज' मात्र बाहेरून, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ बंद केलेला, म्हणजे मध्ये फट न उरलेला. म्हणून जिवलग मित्रासाठी 'क्लोज' शोभतो.

हा भेद मुलांना कसा दाखवावा, याचे साधन आपल्या गावांतच आहे. तारकर्लीपासून गुहागरपर्यंत घरोघरी पर्यटकांची राहण्याची सोय झाली आहे आणि त्यांच्या पाट्यांवर सर्रास 'निअर बीच' लिहिलेले असते. मुलांना अशा एका घराची जाहिरात लिहायला सांगा. 'निअर द सी' लिहिले तर समुद्र त्याच परिसरात आहे एवढेच कळते. मध्ये माडांची बाग, रस्ता, दहा घरे असू शकतात. 'बाय द सी' लिहिले तर घराच्या एका बाजूला समुद्रच आहे, लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो, असे चित्र उभे राहते. 'ऑन द बीच' लिहिले तर अंगणाच्या पायरीवरून पाय थेट वाळूत पडला पाहिजे. तिन्ही घरांना मराठीत आपण 'समुद्राजवळ' म्हणू, आणि 'ऑन द बीच' वाचून आलेल्या पाहुण्याला दहा मिनिटे चालावे लागले तर त्याची तक्रार रास्त असेल.

काळाकडे वळल्यावर वेगळीच गोष्ट दिसते. 'सून' या शब्दाचा जुना अर्थ ताबडतोब असा होता. 'अनॉन'चाही तसाच, 'प्रेझेंटली'चाही तसाच. एकेक करून हे सगळे शब्द 'थोड्या वेळाने' या अर्थाकडे घसरत गेले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हेरोदासमोर नाचलेली मुलगी योहानाचे शिर 'बाय अँड बाय' मागते, तेव्हा तिला ते त्याच क्षणी हवे असते. आजच्या वाचकाला ती सवडीने मागते आहे असे वाटेल. या घसरणीचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. आत्ता करतो असे म्हणून आपण जितका उशीर करतो, तितका तो 'आत्ता' पातळ होत जातो. एसटीच्या थांब्यावर "येईल एवढ्यात" हे उत्तर ऐकून अर्धा तास उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ही प्रक्रिया ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत तर 'जस्ट नाऊ' म्हणजे नंतर केव्हातरी, इतकी मजल गेली आहे.

यापेक्षा अधिक गोंधळ 'बाय' आणि 'टिल' यांचा होतो, कारण मराठीचे 'पर्यंत' दोन्ही कामे एकटे करते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका परगावी प्रशिक्षणाला जाणार होतो. राहण्याची सोय करणाऱ्यांना मी इंग्रजीत कळवले की मी 'टिल मंडे' तेथे असेन. मला सोमवारपर्यंत पोहोचेन असे म्हणायचे होते. त्यांनी सोमवारपर्यंत राहणार असे वाचले, आणि ते बरोबरच होते. रविवारी रात्री मी पोहोचलो आणि सोमवारी सकाळी माझी खोली दुसऱ्याच्या नावावर होती. तेव्हापासून मी मुलांना हा भेद जागेवरूनच शिकवतो. 'बाय द रिव्हर' म्हणजे नदीच्या कडेला. 'बाय मंडे' म्हणजे सोमवारच्या कडेला येऊन ठेपायचे, पण ओलांडायचे नाही. पोहोचणे, देणे, संपवणे अशी एकदाच घडणारी क्रिया असेल तर 'बाय'. राहणे, थांबणे, वाट पाहणे अशी चालू राहणारी क्रिया असेल तर 'टिल'. 'येता रविवार' आणि 'पुढचा रविवार' यांवरून आपल्या घरांत जे वाद होतात, तेच इंग्रजांच्या घरांत 'नेक्स्ट संडे'वरून होतात; तेथे तारीख लिहावी, हेच उत्तम.

शेवटी क्रियापदांविषयी. मराठीत अगदी जवळच्या भविष्यासाठी आपण चक्क भूतकाळ वापरतो. आई हाक मारते आणि मूल जागचे न हलता "आलो!" म्हणते. इंग्रजीत तेथे 'आय ॲम कमिंग' लागते, आणि आणखी जवळ जायचे असेल तर 'अबाउट टू', ज्याचे मूळ भोवताली, अवतीभवती या अर्थात आहे. 'गोइंग टू'मध्ये तर वाट चालणेच आहे. संध्याकाळी होडी नजरेला लागताच इथल्या धक्क्यावर "आली, आली" असा गलका होतो. त्याचे 'इट हॅज कम' असे भाषांतर होडी धक्क्याला लागेपर्यंत करता येत नाही. तोपर्यंत इंग्रज म्हणतो, 'हिअर इट कम्स'. होडी अजून पाण्यात असते, आणि वाक्याची सुरुवात मात्र 'इथे' या शब्दाने झालेली असते.