सहाव्या नंबरानंतर

श्रोतेहो, नमस्कार. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘यंदा एमपीएससी काढणारच’ असं ठळक अक्षरांत लिहिणारे आपल्यात पुष्कळ. जरूर लिहा. पण त्या ओळीखाली काय लिहायचं, ते मला खाशाबा जाधवांच्या चार वर्षांत सापडतं.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट वजनगटात सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेला हा पैलवान तिथे मॅटवर उतरला होता. मातीत पाय रुततो, मॅटवर सगळा खेळ वेगाचा. शिवाय आपल्याकडे चीतपट झाली की कुस्ती संपली. तिथे गुणांवरही निकाल लागायचा. आता सहाव्या नंबरानंतर कुणीही म्हणेल, रोज पाचशे जोर वाढवू. पण जोर वाढवून मॅटची सवय होते का? नडतंय कुठे, हे आधी ओळखावं लागतं. पुढच्या चार वर्षांच्या तयारीनंतर खाशाबा हेलसिंकीला उतरले ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात. २३ जुलै १९५२ ला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आपली पोरं नेमकी इथंच चुकतात, असं माझं मत आहे. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली की अभ्यासिकेतले तास वाढतात. पात्रतेपुरते मार्क गेलेले असतात सीसॅटच्या, म्हणजे आकलन-तर्काच्या पेपरातल्या, उताऱ्यांत, आणि वाढलेले तास जातात इतिहास पुन्हा वाचण्यात. का, तर तो आवडतो! जुनी उत्तरपत्रिका समोर घेऊन कुठे किती गेले, हे मांडायला एक दुपार पुरते. ती दुपार मात्र कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मदत मागणं हाही तयारीचाच भाग होता, आणि मला तर तो सरावाइतकाच कठीण वाटतो.

पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचं वेळापत्रक पाहा. पहाटे पाचपासूनचा पाव-पाव तास लिहिलेला असतो. दुसऱ्या वर्षीचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे कुठून येणार, हे कुठेच नसतं. तेव्हा घरी एकदा आकडा सांगून टाका: किती वर्षं, महिन्याला किती, आणि नाही जमलं तर कोणत्या महिन्यात नोकरी धरायची. वडिलांसमोर हे बोलायला जीभ रेटत नाही, मान्य. पण पहिल्या वर्षी बोललात तर ते ऐकून घेतील. चौथ्या वर्षी त्याच गोष्टीचं भांडण होतं.

नमस्कार.