कोनिग्सहागेन: जळाल्यावर पुन्हा न वसलेलं गाव

जर्मनीतल्या हार्त्स डोंगराचा नैर्ऋत्य पायथा. बाड लाउटरबेर्गजवळचं हे रान. झाडांमधले हे दगड म्हणजे चर्चचा पाया, आणि भोवतीचा खोलगट भाग हा त्याचा खंदक. चर्चला खंदक? हो. लुटारू आले की जीव वाचवायला गावात ही एकच भक्कम जागा. बाकीची घरं लाकूड-मातीची.

बाराव्या शतकात रान तोडून कोनिग्सहागेन वसलं आणि १४२० च्या सुमारास जळालं. वाल्टर यान्सेन या पुरातत्त्वज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे उत्खनन केलं.

पण नुसत्या आगीने गाव उठत नाही. असली घरं तेव्हा सर्रास जळायची, लोक ती पुन्हा उभीही करायचे. इथे मात्र कुणी परतलं नाही.

का, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. १३१५ पासून पाऊस थांबेचना. पिकं शेतातच कुजली. ओला दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मग जुलै १३४२ मध्ये आभाळच फाटलं. वुर्त्सबुर्गचा पूल वाहून गेला. हानोफर म्युंडेनच्या चर्चच्या भिंतीवर त्या पुराची नोंद आजही कोरलेली आहे. जंगल तोडून नांगराखाली आणलेल्या उतारांवरची माती पाण्याने खरवडून नेली; कुठे कुठे माणूस बुडेल एवढ्या खोल घळी पडल्या. त्यातून सावरतात न सावरतात, तोच प्लेग आला.

ओसाड गावांचं सगळं खापर या प्लेगवर फोडायची पद्धत आहे. आम्हाला ते अर्धंच पटतं. कारण पुढची गंमत बाजारात आहे: खाणारी तोंडं घटली, धान्याचे भाव पडले, आणि काम करणारे हात कमी झाल्याने मजुरी वाढली. शहरांना माणसं हवी होती. चांगल्या जमिनीच्या गावांतही शेतं रिकामी पडली होती. मग डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत राबून जमीनदाराला खंड कोण भरणार?

इतिहासकार विल्हेल्म आबेल यांच्या अंदाजाप्रमाणे १३०० च्या सुमारास जर्मन प्रदेशात १ लाख ७० हजार वस्त्या होत्या. पुढच्या दोनशे वर्षांत त्यांतल्या जवळपास ४० हजार नाहीशा झाल्या. बऱ्याच गावांना तर आगसुद्धा लागली नव्हती.