दिवाळीपर्यंत रंधा लावू नका

श्रोतेहो, नमस्कार. मी सांगलीचा सुतार, पुरात भिजलेलं सामान कसं वाचवायचं ते सांगायला आलोय. वडील सुतार, आजोबाही सुतार. बोलणं हा काही माझा धंदा नव्हे, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

२०१९ चा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर मी गावभागात शिरलो, तर गल्लीच्या दोन्ही अंगांना ढीग लागलेले. गाद्या, फ्रीज, वह्यापुस्तकं, आणि त्यातच सागवानी कपाटं, पाळणे, देव्हारे. एका घराची जुनी चौकट पहारीनं उपटून आडवी टाकली होती. ट्रॉल्या भरभरून चालल्या होत्या. पुरानं नेलं नाही ते लोक स्वतःच्या हातानं नेऊन टाकत होते, आणि मला पोटात कालवत होतं.

लोक असं का करतात ते मला कळतं. गटाराचं पाणी घरात शिरलेलं असतं, वास जात नाही, किळस येते. माणूस दमलेला असतो. आणि पंचनाम्याची भीती असते, की साफ केलं तर नुकसान दिसणार कसं? त्याला उपाय आहे. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे, एकेका वस्तूचे फोटो मोबाईलवर काढा. मग हात घाला. फोटो काढायचा म्हणून चिखल आठ दिवस वाळू देऊ नका, तो वाळला की सिमेंटसारखा बसतो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंनी सासूबाईंचं कपाट अंगणात काढलं होतं. मला म्हणाल्या, "दादा, घेऊन जा तुम्ही, फुकट. मला ते डोळ्यासमोर नको." मी म्हटलं, "नेतो, पण दिवाळीनंतर परत आणून दाखवतो. तेव्हाही नको वाटलं तर ठेवून घेईन." कपाटाच्या अंगावर पांढरे डाग पडले होते, दारं फुगून अडकली होती, मागची फळी सुटून लोंबत होती. काकूंना वाटलं लाकूड कुजलं.

आता हे नीट ऐका. ते पांढरे डाग लाकडाचे नसतात. जुन्या लाखेच्या पॉलिशमध्ये ओल अडकली की ते दुधाळ दिसतं. वाळल्यावर स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला की बहुतेक डाग जातात. सागवान आठ दिवसांत कुजत नाही. त्याच्यात मुळातच तेल असतं. १८१७ साली मुंबईत वाडियांनी मलबारी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज बांधलं. ते आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे, आणि अजून तरंगतंय. दोनशे वर्षांचं जहाज तरंगतंय आणि आपण आठवड्याभराच्या पाण्याला भिऊन कपाट टाकतो!

लाकूड पाणी पितं तेव्हा रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून फळीचं दार चौकटीत घट्ट बसतं. वाळलं की परत मूळ मापाच्या जवळ येतं. आणि इथंच लोक चूक करतात, सुतारसुद्धा करतात. दार लागत नाही म्हणून आठव्या दिवशी रंधा मारून घेतात. दिवाळी येते, हवा कोरडी होते, दार आटतं, आणि मग फटीतून बोट जातं. त्या फटीला काय करणार? दाराला रंधा लावायचा असेल तर दिवाळीनंतर. तोवर ओढून घ्या, नाहीतर दोरी बांधा.

दुसरी चूक उन्हाची. ओलं लाकूड कडक उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आटतो, आतला ओलाच राहतो, आणि चिरा पडतात, फळी पिळते. आधी साध्या पाण्यानं चिखल धुवा. कप्पे, खण बाहेर काढा. अडकलेला खण ओढू नका, मागची फळी काढून मागून ढकला. मग सावलीत, विटांवर, वारा खेळेल असं ठेवा. महिना जाईल, दीड जाईल. काकूंच्या कपाटाला दोन महिने लागले. दोन सांधे सरसानं जोडलेले होते, ते सुटले होते. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून लाकूड न तुटता सांधा मोकळा झाला होता. परत जोडला. मागची फळी मात्र नवी घातली.

आता सगळंच वाचतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. भुशाचे दाबून केलेले बोर्ड, ज्यावर हल्ली चकचकीत सनमायका असतो, ते एकदा फुगले की परत येत नाहीत. सोडून द्या. स्वस्त प्लाय थरथर सुटतो. पण बाथरूमसाठी म्हणून घेतलेला, चांगल्या डिंकाचा प्लाय पुष्कळदा टिकतो, आधी वाळवून बघा. गटाराच्या पाण्यात भिजलेली फोमची गादी, अन्नधान्य, औषधं, यांच्यावर जीव लावू नका.

मोटर, पंखा, मिक्सर पाण्यात गेला तर आधी एकच गोष्ट करायची नाही: "चालतो का बघू" म्हणून बटण दाबायचं नाही. मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीला वार्निशाचा लेप असतो. धुऊन, वाळवून, इन्सुलेशन तपासून, बेअरिंग बदलून पुष्कळ मोटरी परत चालू होतात. बटण दाबलं की जळते, मग रिवाइंडिंगचा खर्च. आणि घरातलं मेन स्विच वायरमनला विचारल्याशिवाय चालू करू नका.

फोटोंचं सांगतो, कारण लोक याला सगळ्यात जास्त रडतात. अल्बम चिकटला असेल तर ओढून सोडवू नका, आणि वाळूही देऊ नका. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, त्यात ठेवा, हळूहळू आपोआप सुटू द्या. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. वेळ नसेल तर प्लास्टिकमध्ये घालून फ्रीजरमध्ये टाका. तिथं बुरशी थांबते, नंतर सवडीनं बघता येतं. कागदपत्रं, पुस्तकं यांनाही असंच फ्रीजरमध्ये टाका. बुरशी ओल लागल्यापासून एक-दोन दिवसांत उगवते, म्हणून फोटो-कागद आधी, कपाट नंतर. उलटं करू नका.

भिंती? घाईनं रंग लावू नका, एवढंच. आत ओल राहिली की लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, बाहेर येतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. ब्लीचिंग पावडर फरशीला वापरा, पण तिच्यात अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बूट, हातमोजे घातल्याशिवाय चिखलात उतरू नका.

काकूंचं कपाट मी कार्तिकात परत नेलं. डाव्या दाराचा खालचा कोपरा अजून जरा अडतो, तिथं दार किंचित उचलून लावावं लागतं. काकूंनी ते उचलून लावून बघितलं, दोनदा. ठेवून घेता का, हे मी विचारलं नाही.

ज्यांच्या घरात यंदा पाणी आलंय, त्यांनी आत्ता, बातम्या लागायच्या आत, उठून कपाटाचे खण उघडून ठेवावेत. नमस्कार.