घरात पाऊस पडत नाही

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. तर मला आज विषय दिलाय घरातल्या झाडांवरची कीड, रोग आणि त्यावरचे उपाय. तो मी घेणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलायचीय जी कित्येक वर्षं डोक्यात घोळतेय, आणि एवढी झाडवेडी माणसं एका खोलीत मला रोज भेटत नाहीत, म्हणून ती आधी.

लोक मला पानांचे फोटो पाठवतात. पान पिवळं पडलंय, नाहीतर ठिपके आलेत, नाहीतर हाताला चिकट लागतंय, आणि खाली एकच प्रश्न: "कुठलं औषध मारू?" पानावर कोण बसलंय हे कोणी विचारतच नाही. फोटोसुद्धा कायम पानाच्या वरच्या बाजूचा. मी लिहिते, पान उलटं करा आणि परत फोटो काढा. आणि मग कितीतरी वेळा पुढचा मेसेज येतो, "अरे बापरे".

हात वर करा बघू, या आठवड्यात कोणी घरातल्या एका तरी झाडाचं पान उलटून बघितलंय? चार... पाच. छान. आणि या आठवड्यात काहीतरी फवारलंय असे किती? बघा, जरा आजूबाजूला बघा.

माझं म्हणणं असं आहे. बाहेर जमिनीत वाढणाऱ्या झाडावर मावा येतो, म्हणजे रस पिणारे बारीक किडे, लाल कोळी येतो, म्हणजे झाडाचा रस पिणारा अगदी बारीक कोळी, सगळं येतं. पण तिथे एक जोरदार पाऊस झाला की निम्मी फौज धुऊन जाते. वारा पानं हलवत राहतो. आणि त्यांना खाणारे असतात, ढालकिडे म्हणजे लेडीबर्ड असतात, त्यांच्या अळ्या असतात, मावा खाणाऱ्या क्रायसोपा नावाच्या कीटकाच्या अळ्या असतात, किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. आपण झाड उचलून घरात आणतो तेव्हा यातलं काहीच आत येत नाही, कीड मात्र येते, पानामागे बसून. म्हणजे आपण तिला आयता किल्ला देतो, खाणंपिणं आत आणि शत्रू बाहेर. घरात पाऊस पडत नाही, घरात ढालकिडा येत नाही. मग ती दोन्ही कामं कोण करणार? आपणच करायची. औषधाची बाटली त्याच्या कितीतरी नंतर.

हे नुसतं माझं म्हणणं नाहीये, याचा मोठा धडा मिळालाय आधीच. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून झाडांबरोबर एक खवले कीड, म्हणजे फांदीला खवल्यासारखी चिकटून रस पिणारी कीड गेली, कापसासारखी पांढरी पिशवी पाठीशी घेऊन बसणारी. तिथे तिला खाणारं कोणी नव्हतं. संत्र्या-लिंबांच्या बागाच्या बागा बसल्या, लोकांनी झाडं तोडली, जाळली, जे मिळेल ते मारलं. मग १८८८ साली आल्बर्ट कोबेल नावाच्या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियात पाठवलं, ही कीड तिच्या मूळ गावी एवढी आटोक्यात कशी राहते ते बघायला. त्याने तिथून व्हेडालिया नावाचा छोटासा लाल-काळा ढालकिडा पाठवला. पहिल्या खेपांमध्ये मिळून फक्त १२९ किडे पोचले. तंबू ठोकलेल्या एका झाडावर ते सोडले, तिथे वाढवले, मग बागांमध्ये वाटले, आणि १८८९ संपेपर्यंत ती कीड आटोक्यात आली होती. जे रसायनांना जमलं नव्हतं ते १२९ किड्यांच्या पोराबाळांनी केलं! पुढे १८९१ मध्ये त्याच कोबेलने क्रिप्टोलेमस आणला, तो मिलीबग, म्हणजे पांढरी पिठासारखी दिसणारी रस शोषणारी कीड खाणारा ढालकिडा, तो आजही मिलीबगवर बागांमध्ये आणि काचघरांमध्ये सोडतात. त्याची अळी गंमत म्हणजे मिलीबगसारखीच पांढरी केसाळ दिसते, त्यामुळे लोक तिलाच कीड समजून मारून टाकतात. म्हणून मी म्हणते आधी बघा, मग हात उचला.

आता माझ्या होयाबद्दल सांगते, कारण हे सगळं मला त्या एका झाडाने शिकवलं.

अकरा वर्षांचा होया होता माझा, होया म्हणजे फुलांचा एक वेल. खिडकीच्या चौकटीवरून फिरवलेला, दरवर्षी गुच्छच्या गुच्छ फुलं. एका वर्षी फुलला नाही. मग नवी पालवी थांबली. पानं जरा मऊ पडली, खालची पिवळी व्हायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वाढवलं, तर अजून पिवळी. मग वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून तोडलं. खत दिलं. जागा बदलली. पानामागे बघितलं, बेचक्यात बघितलं, काही नाही, एकदम स्वच्छ. जिथून इतर झाडं आणते तिथे फोटो दाखवला, त्यांनी बघता बघता बुरशीनाशक हातात ठेवलं, म्हणाले दर आठवड्याला मारा. मी मारलं, दोन महिने, न चुकता. ते झाड दर आठवड्याला ओलं होत होतं आणि दर आठवड्याला जरा जास्त मरत होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी एका रविवारी कुंडीतून काढायचं ठरवलं. कुंडी आडवी केली, कडेने थोपटली, मातीचा गोळा बाहेर आला, आणि मुळांवर सगळीकडे पांढरी पिठी. कुंडीच्या आतल्या भिंतीवरसुद्धा निळसर पांढरा थर, जसं कोणी खडूची भुकटी उडवलीय. मुळांवरचा मिलीबग! तोही मिलीबगच, फक्त तो जमिनीखाली राहतो, वर येतच नाही. मी दोन महिने पानांवर बुरशीनाशक मारत होते आणि रस शोषणारा बसला होता खाली, आणि तो किडा होता, बुरशी नव्हतीच. चुकीच्या जागी, चुकीच्या शत्रूवर.

आणि पुढचं ऐका. तो होया ज्या ट्रेमध्ये होता त्याच ट्रेमध्ये आणखी चार कुंड्या. खालच्या भोकांतून, ट्रेतल्या पाण्यातून ती पिल्लं एका कुंडीतून दुसरीत जातात. चारही काढल्या, तीनमध्ये सापडली. मग मला आठवलं, आदल्या वर्षी त्याच ट्रेमध्ये एक नवीन छोटी कुंडी आणून ठेवली होती, आणल्या दिवशीच, सरळ सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून. त्या कुंडीतही होती.

मुळं नळाखाली धुतली, सगळी जुनी माती टाकून दिली, ट्रे आणि कुंड्या गरम पाण्याने घासल्या, कुंडीच्या नवीन माती-मिश्रणात लावलं. तीन झाडं जगली. होया नाही जगला. दोन कटिंग काढली होती त्यातलं एक लागलं, ते आता चौकटीच्या वरपर्यंत पोचलंय.

तेव्हापासून घरात दोन नियम आहेत. नवीन झाड आलं की ते महिनाभर वेगळ्या खोलीत, जमलं तर सहा आठवडे. वेगळा ट्रे, आणि पाणी त्याला सगळ्यात शेवटी घालायचं, कारण हातावरून आणि झारीवरूनही पिल्लं जातात. महिना का, तर मिलीबगची मादी कापसाच्या पुंजक्यात शेकड्यांनी अंडी घालते, आज झाड स्वच्छ दिसलं तरी अंडी कुठल्यातरी बेचक्यात असतात, ती फुटून पिल्लं डोळ्यांना दिसण्याएवढी व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो. आणि आणल्या दिवशीच कुंडीतून हळूच गोळा सरकवून मुळं बघायची.

दुसरा नियम, आठवड्यातून एकदा पानं उलटायची. हे भिंग बघा, दहापट मोठं दाखवणारं. याच्याशिवाय लाल कोळी दिसणं कठीण, तो जेमतेम अर्धा मिलिमीटर. पांढरा कागद पानाखाली धरून टिचकी मारा, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की समजा कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही, म्हणून बरीचशी कीटकनाशकं त्याला काही करत नाहीत, उलट त्याला खाणारे मात्र मरतात आणि तो वाढतो. गरम कोरड्या हवेत, तीसएक डिग्रीला, त्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते. तुम्ही पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की झाडावर जाळी दिसते ती त्यामुळे.

मावा तर त्याच्याही पुढे. मादीला नर लागत नाही, अंडी घालायची गरज नाही, जिवंत पिल्लं होतात आणि त्या पिल्लांच्या पोटात त्यांची पिल्लं आधीच वाढायला लागलेली असतात. आजीच्या पोटात नात! (हसू) आणि कुंडीवर मुंग्या चढताना दिसल्या की मुंग्यांच्या मागे लागू नका, वर बघा. मावा, मिलीबग, मऊ खवले कीड हे सगळे रस पिऊन गोड चिकटा सोडतात, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. त्याच चिकट्यावर मग काळी काजळी धरते, ती ओल्या फडक्याने पुसली की जाते, पण वरची कीड गेली नाही तर परत येते.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं, मग उपाय भराभर, लिहून घ्या.

पहिला उपाय पाणी. बाथरूममध्ये न्या, कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधा, शॉवरने पानांची खालची बाजू जोरात धुवा. मावा आणि कोळ्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही, हाच आपला पाऊस.

मिलीबग आणि खवले थोडे असतील तर कापसाच्या बोळ्यावर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक टिपायचा. आधी एका पानावर करून दोन दिवस थांबा. खवले नखाने खरवडा, कवचाखाली औषध पोचत नाही.

साबण म्हणजे कीटकनाशक म्हणून मिळतो तो साबण, भांड्यांचं लिक्विड नाही, त्याने पानावरचं मेणच निघतं. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की संपलं, आणि ज्याच्या अंगाला लागेल तोच मरतो. म्हणून पानाखाली मारा. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साबण, संध्याकाळी, उन्हात कधीच नाही. पांढरी पावडर असलेल्या सक्युलंटवर, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडांवर, तेल, साबण दोन्ही नको, ती पावडर परत येत नाही.

आणि एकदा मारून थांबू नका! अंडी वाचतात. पाच ते सात दिवसांनी परत, असं कमीत कमी तीन वेळा. अर्धे लोक पहिल्या फवारणीनंतर "गेली कीड" म्हणून सोडतात आणि तिथेच सगळं वाया जातं.

तंबाखूचं पाणी कृपा करून नको. निकोटीन माणसालाही विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं, घरात लहान मुलं असतात, मांजरं असतात.

फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स: पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके. बऱ्याच जातींचे कोष मातीत असतात म्हणून नुसती पानं फवारून भागत नाही. मातीवर उडणाऱ्या काळ्या चिलटांसाठी वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, अळ्यांसाठी बीटीआय नावाचे जिवाणू मिळतात, ते पाण्यातून द्या.

रोग. माती ओली आणि झाड मलूल, तर पाणी घालू नका, मुळं बघा. चांगलं मूळ पांढरं, टणक. कुजलेलं तपकिरी, ओढलं की साल हातात येते आणि मागे दोरा राहतो. ते सगळं कापा, कात्री अल्कोहोलने पुसून, भुसभुशीत माती-मिश्रण घ्या, कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची. मुळांना हवा लागते, घरात झाडं मरतात ती बहुतेक पाण्याच्या प्रेमाने. भुरीला, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीला, पान ओलं असावं लागत नाही, कोंदट हवा पुरते, म्हणून भुरी आलेली पानं काढा, झाडं सुटी ठेवा. गंधक मारणार असाल तर तेलाच्या फवारणीपासून दोन-तीन आठवडे लांब, नाहीतर पानं भाजतात. ठिपका दिसला तर पेनाने त्याच्या कडेने रेघ मारा आणि आठवड्याने बघा. रेघ ओलांडली तर रोग पसरतोय, नाही ओलांडली तर बऱ्याचदा जुनी भाजल्याची किंवा आपटल्याची खूण असते, औषध लागत नाही. पानांवर वेडीवाकडी हिरवी-पिवळी नक्षी, पानं आखडलेली, आणि किडा कुठेच नाही, तर व्हायरस असू शकतो. त्याला औषध नाही, झाड वेगळं करा आणि खात्री पटली की टाकून द्या. दुःख होतं, मला माहितीये, पण बाकीची वाचतात.

ताई, तुम्ही सुरुवातीपासून ती पिशवी मांडीवर घेऊन बसलात, त्यात झाडच आहे ना? इकडे टेबलावर आणा. नाही, बाकीच्या झाडांजवळ नको, या बाजूला. दिवा जरा खाली घ्या. आता हे खालून तिसरं पान उलटं करा, देठ खोडाला मिळतो ना, तिथे भिंग धरा आणि काय दिसतंय ते सगळ्यांना मोठ्याने सांगा.