छेदातला आय

(दृश्य : भाड्याची खोली, टेबलावर वही)

लातूर. रात्रीचे साडेदहा. क्लास कधीच सुटलाय, मेसचा डबा रिकामा होऊन दाराशी पडलाय. औसा तालुक्यातून अकरावीला आलेली पोरगी एका गणितावर अडलीय. तीन अधिक दोन आय, भागिले एक वजा दोन आय. स्टँडर्ड फॉर्ममध्ये लिहा.

म्हणजे मानक रूप. वास्तव भाग एकीकडं, आय लागलेला भाग दुसरीकडं. बेरीज-वजाबाकीत हे आपसूक होतं. घोडं अडतं ते भागाकारात.

आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ. याला फार आधी सरळ नकार मिळालाय. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरवलं, त्याच राष्ट्रकूट घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ऋण संख्या कशाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असं त्यात आहे. चूक नव्हतं ते; हाताशी असलेल्या संख्यांपुरतं पक्कंच होतं. पुढं १५७२ मध्ये इटलीच्या बॉम्बेल्लीनं अशा मुळांच्या गुणाकाराचे नियमच छापले.

(दृश्य : पेनाचं टोक, जवळून)

नववीत करणीच्या छेदाचं परिमेयीकरण केलं होतं ना, तीच युक्ती. छेदाची अनुबद्ध जोडी घ्यायची, एक अधिक दोन आय. मधलं चिन्ह तेवढं उलटं. क्लासमध्ये तिला कॉन्जुगेट म्हणतात. त्या जोडीनं वर-खाली गुणायचं.

छेदात आलं एक वजा चार आय स्क्वेअर. पोरीनं पटकन लिहिलं, वजा तीन. घसरायची जागा हीच. आय स्क्वेअर म्हणजे वजा एक. वजाला वजा भेटला, चार अधिक झाले. छेद पाच. खाडाखोड. अंशात तीन, आठ आय, आणि चार आय स्क्वेअरचे वजा चार. उत्तर : वजा एक पंचमांश, अधिक आठ पंचमांश आय.

भागाकार तसाच ठेवला असता तर काय बिघडलं असतं? किंमत तीच. पण ती कागदावर कुठं बसते, ते कळलं नसतं. १८०६ मध्ये पॅरिसात आर्गांनं या संख्या प्रतलावर मांडून दाखवल्या. वास्तव भाग आडवा, काल्पनिक म्हणजे आय लागलेला भाग उभा. त्यासाठी दोन्ही भाग सुटे हवेत.

पोरगी आलेखाचा कागद ओढते. शून्यापासून डावीकडं शून्य पूर्णांक दोन, तिथून वर एक पूर्णांक सहा. बारीक ठिपका.

शेजारच्या खाटेवरून मैत्रीण वाकून बघते. “छेदात पाच कुठनं आला गं? माझे तर वजा तीन आलेत.”