हळदीचा डाग आणि भाद्रपदातलं ऊन

(दृश्य: जेवणाचं टेबल. पानं उचललेली. दुपारचे तीन. खिडकीबाहेर पाऊस.)

गौरी जेवल्या, पाहुणे पान खाऊन गेले. टेबलावर उरलं ते इतकं: कटाच्या आमटीचे तीन थेंब, कढीचा एक ओघळ, कुणाच्या तरी वाटीखाली उमटलेलं तेलाचं गोल कडं. आणि टेबलाशी कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई.

हा टेबलक्लॉथ मॅटीचा, म्हणजे भरतकामाच्या जाडसर सुती कापडाचा. लग्नाआधी आईने स्वतः भरलेला. कडेने फुली टाक्याचे लाल मोर, कोपऱ्यात गाठीच्या टाक्याची द्राक्षं. वर्षातून दोनदाच बाहेर येतो, गौरीला आणि दिवाळीला. एरवी ट्रंकेत. कित्येक वर्षं तर तो बाहेर आला तरी त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक असायचं, म्हणजे मोर दिसायचे पण हाताला लागायचे नाहीत. यंदा प्लॅस्टिक मी लपवून ठेवलं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यामुळे घडलंय, असं आईचं म्हणणं.

(दृश्य: अगदी जवळून, आमटीचा थेंब. चमच्याची कड.)

बघा, ती चोळत नाही. चमच्याच्या कडेने वरवरचं उचलते. मग खाली जुन्या धोतराचा एक तुकडा, वर एक, आणि तळहाताने नुसतं दाबते. "चोळलं की थेंबाचा रुपया होतो," ती म्हणते. मी खिशातला रुमाल पुढे केला होता, तो तिने न बघताच बाजूला सारला.

मग नळ. कापड उलटं धरून, डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार. डाग आला त्याच वाटेने परत जावा म्हणून. पाणी गारच हवं, ते मुख्यतः कढीसाठी. ताकातली प्रथिनं गरम पाण्यात शिजतात आणि धाग्याला घट्ट धरून बसतात. दूध, अंडं, रक्त, सगळ्यांची हीच तऱ्हा. "कढत पाण्यात बुडवून ठेव" हा सल्ला चहाच्या डागाला चालून जाईल, इथे नाही.

पण आमटीचा थेंब गार पाण्याला दाद देत नाही. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेलात मात्र छान विरघळतो. फोडणीत हळद टाकल्यावर तेल पिवळंधमक होतं ना, तेच. म्हणजे या थेंबात तेलावर स्वार होऊन हळद धाग्याच्या आत शिरलेली आहे. आधी तेल काढायचं. त्यासाठी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब डागावर. पंधरा मिनिटं तसंच. आणि मग कपड्याचा साबण.

(दृश्य: साबणाची वडी पिवळ्या डागावर फिरते. डाग लाल होतो. आवाज फक्त पाण्याचा.)

पहिल्यांदा हे बघणारा माणूस दचकतोच. पिवळा डाग रक्तासारखा लाल! लहानपणी मला वाटलं होतं की आईचं बोट कापलं. आईला मात्र याचं काहीच वाटत नाही. "अगं, कुंकू झालं," ती म्हणते. ती चेष्टा करतेय असं वाटेल, पण ते शब्दशः खरं आहे. पूर्वी कुंकू करत ते हळदीत चुना किंवा टाकणखार मिसळूनच. खार, म्हणजे अल्कली, लागला की हळद लाल होते, आणि कपड्याचा साबण खारच. आता त्याच डागावर लिंबू पिळू.

(दृश्य: लिंबाचे थेंब. लाल पुन्हा पिवळं होतं.)

आला परत. म्हणजे साबणाने डाग गेला नव्हता, त्याने फक्त सोंग बदललं होतं. तेल निघालं, हळद राहिली. तिच्यावर आईचा उपाय एकच, आणि तो आत्ता ढगांमागे आहे.

तीन दिवस पाऊस. टेबलक्लॉथ गॅलरीत दोरीवर, पिवळ्या ठिपक्यांसकट. या तीन दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येकाने एकेक उपाय सुचवला. शेजारच्या काकूंचं मत, मीठ टाका, मोरांचा लाल रंग पक्का होईल. जो रंग मुळात कच्चा आहे तो मिठाच्या भरवशावर सोडू नये. त्यापेक्षा ओला पांढरा कापूस मागच्या बाजूने टाक्यांवर दोन मिनिटं दाबून धरायचा. कापूस गुलाबी झाला तर समजायचं की हे कापड बादलीत भिजत ठेवायचं नाही. गार पाण्यात झटपट खळबळून काढायचं आणि पसरून वाळवायचं, म्हणजे मोराचा रंग पांढऱ्यावर उतरत नाही.

दुसरा सल्ला ब्लीचचा. माझ्या मावशीने एकदा नॅपकिनांचा अख्खा संच क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवला होता. सकाळी पांढरे झाले, पिळताना फाटले. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू निघतो. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

इस्त्रीही नाही. डाग असताना गरम इस्त्री फिरवली की तो आणखी आत बसतो.

(दृश्य: चौथा दिवस. गॅलरीच्या कठड्यावर ऊन.)

ऊन आलं. आई कापड पुन्हा ओलं करते आणि आडव्या खाटेवर पसरते. मोरांवर जुना टॉवेल टाकते, कारण ऊन हळदीचा रंग खातं तसं लाल दोऱ्याचाही खातं. मोर सावलीत, डाग उन्हात. उजेडात कर्क्युमिनचा रेणू मोडतो, म्हणून हळद उडते. बारा वाजता ठिपके पिवळे होते. दोनला फिके. चारला मी कॅमेरा जवळ नेला तर कुठला थेंब कुठे होता तेच सापडेना.

एक डाग मात्र गेला नाही. मधोमध, आडवी तपकिरी रेघ. ती यंदाची नाही.

(दृश्य: ट्रंक. झाकण उघडतं.)

टेबलक्लॉथ खराब होतात ते जेवणात, असं आपण समजतो. मला आता वाटतं, ते ट्रंकेत होतात. ही रेघ बघा. घडीवरच आहे. परीटघडी हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द, पण वर्षानुवर्षं त्याच जागी दुमडलेला, खळीने ताठ केलेला, वर इस्त्रीने दाबलेला धागा तिथेच झिजतो आणि तुटतो. कॅमेऱ्यातून दोन ठिकाणी आरपार दिसतंय.

आणि तपकिरी रंग तेलाचा. धुतल्यावर न दिसणारं जरासं तेल राहिलं की ते हवेने हळूहळू पिवळं, मग तपकिरी होतं, आणि धाग्यावर वाळून बसतं. आमच्याकडे पूर्वी करडईचं तेल असायचं. करडईचं तेल रंग-व्हार्निशातही घालतात, कारण ते वाळून कडक होतं. म्हणजे इतकी वर्षं या कापडावर व्हार्निश चढत होतं म्हणा ना.

कडेचे हे बारीक नारिंगी ठिपके ट्रंकेच्या पत्र्याचे. गंज. लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवलं आणि भरपूर पाण्याने धुतलं की बरेचसे निघतात. गंजावर ब्लीच मात्र उलटं काम करतं, ठिपका आणखी पक्का होतो.

डांबरगोळ्या? आईने मूठभर टाकल्या होत्या. पण लोकर खाणारी कीड सुती कापडाच्या वाटेला फारशी जात नाही. इथे येते ती कसर, म्हणजे चंदेरी रंगाची बारीक कीड, आणि तिला आवडते खळ. आपण खळ घालून, घडी करून, अंधारात ठेवतो, म्हणजे कसरीचं पानच वाढून ठेवतो. पावसाळ्यात त्याच खळीवर बुरशी धरते.

(दृश्य: आई आणि मी, दोघी कापडाची दोन टोकं धरून झटकतोय.)

म्हणून यंदा क्रम बदलला. ठेवताना खळ नाही. खळ दिवाळीच्या आदल्या दिवशी: दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मलमलीतून गाळायचा, कोमट असताना कापड बुडवायचं. त्याआधी किंचित नीळ. नीळ काही साफ करत नाही, पिवळेपणावर निळी झाक देऊन डोळ्यांना फसवते. पण फसवते छान.

इस्त्री दमट असतानाच, उलट्या बाजूने, खाली सोलापुरी टॉवेलची जाड घडी. टॉवेलच्या लुसलुशीत दोऱ्यांत टाके रुततात, चपटे होत नाहीत. सुलट केल्यावर द्राक्षं बोटाला लागली, एकेक.

ठेवायला आता कापडाच्या दुकानातून आणलेली पुठ्ठ्याची नळी आहे, धुतलेल्या मलमलीत गुंडाळलेली. त्यावर टेबलक्लॉथची गुंडाळी, आणि ती कपाटात, आडवी. आईला हे पटलेलं नाही. "गुंडाळून ठेवायला काय तो नकाशा आहे?" असं तिने दोनदा विचारलं.

(दृश्य: दिवाळीची सकाळ. तेच टेबल. फराळाच्या बशा. प्लॅस्टिक नाही.)

चिवड्याची बशी नेमकी तपकिरी रेघेवर ठेवलेली आहे. आईनेच ठेवली. शेजारचा चार वर्षांचा पाहुणा पोटभर खातो, आणि पिवळे, तेलकट हात शांतपणे मोरांच्या शेजारी पुसतो. त्याची आई ओशाळून उठायला लागते.

आई आधी गॅलरीकडे बघते. ऊन कठड्यापर्यंत आलेलं आहे. मग ती बरणीतून आणखी एक मूठ चिवडा त्याच्या बशीत घालते.