कूलर काढा, तुळस वाचवा

नमस्कार. मागे आवाज येऊन राहिला ना? बरं. मला 20 मिनिटं दिलीत आणि विषय आहे हिवाळ्यात कुंड्या घरात घेणे, पण मी आधी कूलरवर बोलणार, कारण आपल्या नागपुरात कुंडीचा खरा वैरी थंडी नाही, खिडकीत अडकून बसलेला कूलर आहे. हसा, हसा. हात वर करा पाहू, डिसेंबर लागला, कोणाचा कूलर खिडकीतून निघाला? दोन! आणि त्यातले एक म्हणतात घरच बदललं म्हणून निघाला.

आता 2018 आठवा. 29 डिसेंबरला पारा 3.5 वर. त्या थंडीत आम्ही गच्चीवरचं सगळं खाली आणलं, तुळस, बेसिल, गवती चहा, पानओवा. सांबाराचा टब तेवढा उचलेना म्हणून वरच राहिला. (सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरगावचे कोणी असतील तर. आमची सून पुण्याची, पहिल्याच आठवड्यात तिला म्हटलं सांबार आण, तर ती डाळ शिजवायला गंज शोधायला लागली.) तर तुळस कुठे ठेवायची? मंडळी म्हणाली देवघरात. देवघरात उजेड किती, तर झिरोचा बल्ब. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, वरून उदबत्तीचा धूर. मी म्हणालो अगं इतकं पाणी नको, तर म्हणे तुळशीला पाणी घालू नको म्हणणारा पहिलाच माणूस पाहिला. मग मी काय बोलणार! संक्रांतीपर्यंत काडी उरली. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली आणि वास येऊन राहिलेला. घरात ऊब असूनही गेली! शेजाऱ्यांची तुळस मात्र बाहेरच सज्ज्याखाली होती, पानं करपली पण फेब्रुवारीत फुटली. आणि तो वर विसरलेला सांबार, त्याच्या आम्ही दोनदा सांबारवड्या केल्या बा!

तर सांगायचं काय, ऊन नसलं की झाड पाणी ओढत नाही, पाणी कुंडीत तसंच राहतं आणि मुळं सडतात. थंडीच्या नावावर आपणच पाण्याने... हो हो, चिठ्ठी मिळाली. 5 मिनिटं? मुद्दा तर आत्ता सुरू झाला. असो, भराभर सांगतो.

सगळं आत आणू नका. पुदिना, सांबार, मेथीला ही थंडी आवडते. कढीपत्त्याची पानं गळतील, गळू द्या, पाणी कमी करा, खत अजिबात नको. पारा 10 च्या खाली चालला की तुळस, पानओवा आणि बेसिल आत घ्यायचं, बेसिल म्हणजे आपल्या सब्ज्याचंच झाड. तेही फक्त रात्री! निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालचं पान हवेपेक्षाही गार पडतं, म्हणून तर दव पडतं, वर छप्पर असलं की तितकं होत नाही.

दिवसा मात्र ऊन पाहिजेच. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, साधारण 45 अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत येतं. उत्तरेच्या खिडकीत या दिवसांत ऊन शून्य, मग वास्तुवाले काहीही म्हणोत. आणि दक्षिणेच्या खिडकीत आपण काय ठेवलंय? प्लास्टिक गुंडाळलेला कूलर! तो काढा आणि ते लोखंडी स्टँड वापरा. पाण्याने भरलेला कूलर पेलणारं स्टँड चार कुंड्या सहज पेलतं, फक्त तारेने बांधा, खाली लोक चालतात. सकाळी ऊन आलं की बाहेर, दिवेलागणीला आत. पाणी बोट मातीत घालून बघूनच, वरचा थर कोरडा लागला तरच. मंजिऱ्या खुडत राहा. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसा. दोन-तीन फांद्या ग्लासात पाण्यात ठेवा, मुळं फुटतात, म्हणजे झाड गेलंच तर...

बरं बरं, चहा गार होऊन राहिला म्हणतात. प्रश्न बाहेर विचारा. आणि ज्यांचे कूलर निघाले ते दोघं जरा थांबा, आमचा उतरवायला दोन माणसं लागतात.